तेल मारलेली गाडी

एकतीस मे. काम एकच, मोटरसायकलचे ब्रेक. दुसऱ्या दिवसापासून मुलगी ती गाडी घेऊन रत्नागिरीत मांडवीला नोकरीला जाणार होती, औषधांच्या दुकानात. दुकान आठला उघडतं आणि आमच्या वाडीवरची पहिली एसटी साडेआठला येते, तीही आली तर. गाडीला पर्याय नव्हता.

गाडी मुलीपेक्षा जुनी आहे. नवऱ्याने घेतली, मग तो मुंबईला गेला आणि गाडी माझ्याकडे राहिली. माझी पिठाची गिरण आहे. पट्टे, बेअरिंग, ग्रीस हे रोजचंच, त्यामुळे गाडीचंही बरंचसं मीच करते. इंजिन अजून एका किकला सुरू होतं. ब्रेक मात्र त्या काळचे. दोन्ही चाकांत ड्रम आणि ड्रमला आतून घासणारे दोन-दोन लायनर. सपाट रस्त्यावर तेवढे पुरतात.

आमचा रस्ता सपाट नाही. वाडी सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आणि सड्यावरून खाडीकडे उतरायला घाटी. एका बाजूला जांभ्याची कापलेली भिंत, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. खाली शेवटच्या वळणाला बर्फाचे टेम्पो उभे असतात. त्या महिन्यात मी उतरत असताना त्यातला एक न बघता मागे आला. मी हाताचा आणि पायाचा, दोन्ही ब्रेक दाबले. गाडी हळू झाली, पण थांबेना. टेम्पोच्या मागच्या फळीला हेडलाइट टेकला तेव्हा थांबली. टेम्पोवाल्याला कळलंसुद्धा नाही. मी पायांनी गाडी मागे रेटली आणि बाजूने निघाले.

घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गाडी मुलीला मिळाली नसती आणि नोकरीही गेली असती. पण त्या दिवसापासून ती फळी डोळ्यांसमोरून हलेना. भाकरी थापतानाही दिसायची. आणि तिच्यासमोर गाडीवर मी नसायची, मुलगी असायची.

म्हणून नवीन लायनर आणले, पुढच्या ब्रेकची नवी केबल आणली आणि सकाळीच अंगणात गोणपाट अंथरलं. चाकं काढली. लायनर काचेसारखे गुळगुळीत झाले होते. ड्रमच्या आत चकाकी आली होती, तिच्यावर पॉलिश पेपर फिरवला. धूळ फुंकून उडवली नाही, ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसून घेतली. लायनर उघडणारी दांडी जिथे फिरते तिथे बोटाच्या टोकावर मावेल एवढंच ग्रीस लावलं. बसवताना मुलीला पुढचा ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि मग एक्सलचा नट आवळला.

“हे कशाला?” तिने विचारलं.

“लायनर ड्रमच्या मधोमध बसतात. नाहीतर एकच बाजू घासते आणि ब्रेक अर्धाच लागतो.”

“आई, तू असं करतेयस जसं मी विमान चालवणार आहे.”

“विमानाला घाटी नसते.”

जुने लायनर मी भंगाराच्या डब्यात टाकले. गाडी मागच्या पडवीच्या सावलीत लावली, जेवले आणि थोडी पडले. कितीतरी दिवसांनी ती फळी न दिसता डोळा लागला.

चारला उठले. मुलगी किल्ली बोटावर फिरवत उभीच होती. “एक फेरी मारून येऊ?”

“आधी मी,” म्हटलं.

घरापासून घाटीच्या तोंडापर्यंत थोडासा उतार आहे. नव्या ब्रेकची परीक्षा तिथेच घ्यावी, घाटीत नाही, एवढं डोकं चाललं म्हणून आज हे लिहिते आहे. उताराला गाडी लागल्यावर मी पुढचा ब्रेक ओढला. मूठ घट्ट लागली, केबल ताणली गेली आणि चाक तसंच फिरत राहिलं. पुन्हा ओढला. काही नाही. जुन्या लायनरने निदान गाडी हळू तरी व्हायची. समोर घाटीचं तोंड आलं आणि त्याच्या पलीकडे खाडीचं पाणी दिसायला लागलं. मी पायाचा ब्रेक मारला. मागचं चाक तांबड्या खडीवर घसरत गेलं, गाडी आडवी फिरली आणि रस्ता खाली उतरायला लागतो तिथे थांबली.

इंजिन बंद केलं. सगळं नीट बसवलं होतं, मग काय चुकलं? वाकून पाहिलं तेव्हा वास आला. डिझेलचा. पुढचं चाक, आऱ्या, ड्रम, सगळं तेलाने चमकत होतं.

गाडी ढकलत परत आणली. अंगणात धाकटे दीर उभे होते, पाठीला पंप. तो आंब्याला फवारणी करायचा पंप. खारा वारा लोखंड खातो, म्हणून दर वर्षी पावसाच्या तोंडावर ते त्याच पंपात डिझेल आणि जळकं ऑइल भरतात आणि वाडीतल्या सगळ्या गाड्यांना मारतात. फुकट. हौस म्हणून. माझी गाडी मी कधी दिली नव्हती. मी फडक्याने हाताने लावते.

“वहिनी, कुठे गेलात गाडी घेऊन? अर्धीच झालीय. पंप संपला म्हणून भरायला गेलेलो.”

“पुढच्या चाकाला मारलंत?”

“व्हय तर. आतपर्यंत. आता दर्यात बुडवलीत तरी गंज नाय धरणार.”

“दर्यातच जात होते, भावजी.”

ते हसले. मग माझं तोंड पाहून थांबले. “म्हणजे?”

“ब्रेक लागत नाही.”

“तो दोन दिवस नायच लागत,” ते म्हणाले, अगदी सहज. “तेल मारल्यावर सगळ्यांचाच ढिला पडतो. वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. हळू जायचं.”

सगळ्यांना ठाऊक आहे, आणि सगळे दर वर्षी तसेच घाटी उतरतात. आणि पंपात तेल पुरलं असतं तर आज माझ्याकडे मागचाही ब्रेक नसता.

“काका, मी उद्या आठला दुकानात हवी,” मुलगी म्हणाली.

“मग पुसून देतो की, बाय. त्यात काय!”

“पुसून जात नाही,” मी म्हटलं. “लायनर तेल पितो. वरून कोरडा वाटला तरी गरम झाला की पुन्हा सोडतो. तो पंप आधी अंगणाबाहेर ठेवा.”

ते ठेवून आले आणि पाना घेऊन बसले. पुढचं चाक पुन्हा काढलं. सकाळचे नवे लायनर काळे, ओले झाले होते. ते फेकले. रत्नागिरीत जाऊन दुसरे आणेपर्यंत दुकान बंद झालं असतं. भंगाराच्या डब्यातून पुढचेच जुने काढले. अजून थोडी जाडी शिल्लक होती. त्यांची चकाकी पॉलिश पेपरने पार उतरवली, ड्रम पेट्रोलने धुतला, वाळवला, परत धुतला. मुलीने ब्रेक दाबून धरला, भावजींनी नट आवळला. ते एकदाच बोलले, “वहिनी, माझ्या पण गाडीचं बघाल?”

“तुमची तोवर घाटी चढउतार बंद,” म्हटलं. “आणि ज्यांना ज्यांना मारलंय त्यांना आजच जाऊन सांगा.” ते गेले.

मी त्याच उतारावर फिरून आले. गाडी थांबत होती. नव्या लायनरसारखी नाही, पण केबल नवी, ड्रम स्वच्छ, पूर्वीपेक्षा बरी. बरी म्हणजे किती, ते घाटीतच कळणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी निघाली तेव्हा मी मागे बसले. “पहिल्या गियरमध्येच राहा,” एवढंच सांगितलं. शेवटच्या वळणाआधी म्हटलं, “इथे थांबव. जोरात.” तिने ब्रेक दाबले आणि गाडी टेम्पोंच्या बरीच आधी उभी राहिली. मी उतरले. तेव्हा तिला फळीची गोष्ट सांगितली. ती हसली नाही.

“संध्याकाळी येताना लायनर घेऊन ये. पोचलीस की एक रिंग दे.”

घाटी चढून वर आले तर गिरणीसमोर दोघीजणी तांदळाचे डबे घेऊन थांबल्या होत्या. मी कुलूप काढलं, डबे आत घेतले आणि फोन पट्ट्याशेजारच्या फळीवर ठेवला. गिरण चालू झाली की फोन ऐकू येत नाही.

“काय गो, वीज नाय?” एकीने विचारलं.

“आहे. पट्टा बघतेय.”

पट्टा ठीक होता. तरी मी तो बघत राहिले. फोन वाजला आणि थांबला. मग मी बटण दाबलं.