गायकवाड भाऊंना वाघ समोरून हवा होता

बदलापूरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये किस्से जिन्यातल्या चपलांसारखे साठतात. कुणी मुद्दाम आणून ठेवत नाही, पण रोज एखादा जोड वाढलेलाच असतो! त्यात माझं दार गायकवाड भाऊंच्या दारासमोर, आणि मला दार लावून बसायची सवय नाही. त्यामुळे भाऊ जंगलातले फोटो काढायला कसे शिकले, हे त्यांच्याइतकंच मलाही पाठ आहे.

भाऊ अंबरनाथच्या एका फॅक्टरीतून रिटायर झाले. नोकरीत असताना बारसं असो, लग्न असो की जयंतीची मिरवणूक, ग्रुप फोटो भाऊच काढणार. रिटायर झाल्यावर मुलीने मोठा कॅमेरा दिला आणि भाऊंनी जाहीर केलं, "आता माणसं बास. आता वाघ!"

पहिल्या ताडोबा ट्रिपला भाऊ, त्यांच्या मिसेस सुनंदाताई आणि मी. (मला कुणी बोलावलं नव्हतं, पण जिप्सीत जागा होती.) समोर सांबर आलं. मस्त उभं राहिलं. भाऊंनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि सवयीने तोंडातून निघालं, "हं, सगळ्यांनी इकडे बघा! हलू नका!"

सांबर गेलं. मग चितळं गेली. नीलगाय तर "स्माईल" ऐकून गेली!

घरी टीव्हीवर फोटो लावले, तर एकाही जनावराला तोंड नाही. सगळी पाठमोरी! सुनंदाताई म्हणाल्या, "एवढ्या लांब जाऊन शेपट्या घेऊन आलात?" आणि वर निकाल दिला, "वाघ समोरून येईल, तेव्हाच हॉलमध्ये फ्रेम लागेल. तोवर भिंत मोकळी राहू दे."

भाऊंनी हे फार मनाला लावून घेतलं.

*

उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये हरेश नावाच्या सिंधी माणसाचा फोटो स्टुडिओ आहे. जंगलातही बराच फिरलेला. भाऊ त्याच्याकडे शिकायला जायला लागले. पहिला धडा, "साईं, खडे खडे फोटो मत निकालो. जानवर की आँख जितनी नीचे, कॅमेरा उतना नीचे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ पार्किंगमध्ये मांजरीसमोर पालथे पडलेले. वॉचमनने बोंब मारली, "गायकवाड साहेब गेले!" मी फोडलेला कांदा घेऊन धावले. म्हटलं, फिट आली असेल. भाऊंच्या नाकाशी कांदा धरला, तर ते जमिनीवरूनच ओरडले, "अहो वहिनी, आत्ता कुठे फोकस लागला होता!"

मांजर पळाली. फोटोत कांदा मात्र एकदम शार्प आलाय!

*

दुसरा धडा गप्प राहायचा. हरेश आम्हाला बारवी धरणाकडे घेऊन गेला. खंड्या दिसल्यावर भाऊंना म्हणाला, "साईं, मुँह में कुछ रखो." भाऊंनी लिमलेटची गोळी तोंडात टाकली. खंड्या फांदीवर बसला, भाऊ गप्प. खंड्याने मासा धरला, भाऊ गप्प. फोटो असा आला की माशाचा डोळासुद्धा दिसतोय!

घरी येईपर्यंत भाऊ गप्पच. सुनंदाताईंनी हरेशला बाजूला घेतलं.

"कुठल्या दुकानात मिळते ही गोळी? मी लग्नापासून शोधतेय!"

*

कॅमेरा हलू नये म्हणून जिप्सीच्या दांडीवर तांदळाची पिशवी ठेवतात, त्यावर कॅमेरा टेकवायचा. सुनंदाताईंनी उशीच्या खोळीत छान कोलम भरून दिला. भाऊ गॅलरीत चिमण्यांवर प्रॅक्टिस करायचे. एकदा अचानक सुनंदाताईंच्या नणंदेकडची मंडळी जेवायला आली.

जेवताना भाऊ म्हणाले, "आज भात काय मोकळा झालाय! कुठला तांदूळ?"

"तुमचा स्टँड," सुनंदाताई म्हणाल्या. "अजून वाढू?"

*

यंदा पुन्हा ताडोबा. भाऊंचे गुडघे आता जिप्सीचे धक्के सोसत नाहीत. डॉक्टरांनी बजावलं होतं, ही शेवटची. हरेशने फोनवर सांगितलं, सगळ्यांनी फिके कपडे घाला. सुनंदाताई भडक पोपटी साडी नेसून हजर!

भाऊ म्हणाले, "अगं, फिकं सांगितलं होतं ना?"

"वाघाला भेटायला चाललोय, मयताला नाही!"

पहिल्या दोन्ही फेऱ्या रिकाम्या गेल्या. शेवटच्या फेरीत पाणवठ्याच्या काठावर वाघीण बसलेली दिसली. पण आमच्याकडे पाठ करून! भाऊ तांदळाच्या पिशवीवर कॅमेरा टेकवून बसले, श्वास रोखून. एकेक जिप्सी कंटाळून निघून गेली. वाघीण कान हलवायची, शेपटी हलवायची, तोंड काही वळवेना.

गाईड हळूच म्हणाला, "सर, गेटची वेळ झाली. निघायला पाहिजे."

भाऊंनी मान हलवली. पण कॅमेऱ्यावरचा हात निघेना. त्यांचा चेहरा मला बघवेना.

तेवढ्यात सुनंदाताई पदर खोचून उभ्या राहिल्या. पाणी आल्यावर खालच्या मजल्यावरच्यांना हाक मारतात ना, त्याच आवाजात म्हणाल्या, "अगं ए बाई! किती वेळ पाठ करून बसणार? माणूस बदलापूरहून आलाय तुझ्यासाठी!"

गाईडने डोक्याला हात लावला.

वाघिणीने सावकाश मान वळवली आणि सुनंदाताईंकडे सरळ बघितलं. भाऊंचं बोट बटणावर बरोबर पडलं!

फ्रेम घेऊन हरेश स्वतः बदलापूरला आला. हॉलच्या मोकळ्या भिंतीवर त्यानेच ती लावली. मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा असा फोटो. लावून झाल्यावर म्हणाला, "साईं, मैं इतने साल से जंगल जाता हूँ. ऐसा लुक मुझे नहीं मिला. टेक्निक तो बोलो!"

भाऊंनी स्वयंपाकघराकडे बोट केलं.

"टेक्निक आत चहा टाकतेय."