हिरव्या दांड्यांचं पुडिंग

सेड्रिक अर्नशॉ आणि मी एकाच शेडमध्ये रूबार्बचे आंबट दांडे ओढत म्हातारे झालो. वेकफिल्डच्या आसपास हे काम करणाऱ्यांत सेड्रिकचा हात सगळ्यांत सफाईदार. दांड्याच्या बुडाशी बोट घालायचं, जरा पिळायचं आणि ओढायचं. मोडायचं नाही. मोडला की राहिलेलं बूड कुजतं आणि अख्खा गड्डा नासतो. सेड्रिकच्या हातून मोडलेला दांडा मी पाहिला नाही. स्वयंपाक मात्र त्याला अंडं उकडण्यापलीकडे येत नव्हता.

त्या हिवाळ्यात त्याच्या बायकोच्या, विनीच्या पोटाचं ऑपरेशन झालं. जखम भरली, पण खाणं सुटलं. सूप समोर गार होऊन जायचं. नर्स दर सोमवारी यायची, वजन करायची आणि ओठ आवळायची. फेब्रुवारी लागला तशी ती म्हणाली, "महिनाअखेरपर्यंत काटा हलला नाही, तर हॉस्पिटलात न्यावं लागेल. तिथे नळीने भरवतील."

विनीने भिंतीकडे तोंड केलं. तिची बहीण अशीच गेली होती, ती परत आली नव्हती.

नर्स गेल्यावर सेड्रिक पलंगाशी उभा राहिला. मी कोळशाची बादली घेऊन दारातच होतो.

"काय खाशील ते सांग. काहीही सांग."

"पुडिंग," विनी म्हणाली. "रूबार्बचं. मी करायची तसलं."

"करतो."

"तू? चमचे कुठे असतात ते तरी ठाऊक आहे का तुला?"

"सापडतील."

कृती तिने पडल्या पडल्या सांगितली. शिळ्या पावाचा चुरा. भांड्याला लोणी. चुऱ्याचा थर, रूबार्बच्या तुकड्यांचा थर, साखर, पुन्हा चुरा. वर लोण्याचे खडे. वरचा थर तांबूस होईपर्यंत ओव्हनमध्ये. वरून कस्टर्ड. आमच्याकडे घरोघर हेच होतं, कारण शिळा पाव घरोघर होता.

सेड्रिक थेट डेन्बीच्या शेडमध्ये गेला. डेन्बीच्या वडिलांकडे आम्ही काम केलं, आता मळा त्याचा. आत अंधार, मधूनमधून मेणबत्त्या. उजेड लागू द्यायचा नाही, म्हणजे दांडा गुलाबी आणि कोवळा राहतो. सेड्रिकने स्वतः निवडून ओढले. एवढे देखणे दांडे मीही क्वचितच पाहिलेत.

पुडिंग बाहेर आलं ते भांड्यात पातळ गुलाबी रस्सा आणि त्यात भिजलेला पाव. विनीने चमचा तोंडात घातला आणि बशीत ठेवून दिला.

"हे काय आहे?"

"रूबार्ब. डेन्बीकडचा पहिल्या प्रतीचा."

"हा लंडनच्या लोकांचा. हा आपल्या घरात कधी शिजलाय?"

सेड्रिकने माझ्याकडे पाहिलं. मी टोपीकडे पाहिलं. तिचं खरं होतं. आयुष्यभर आम्ही गुलाबी दांडे ओढले आणि खोक्यांत भरून रात्रीच्या गाडीने लंडनला धाडले. घरी खाल्ला तो परसातला, मे महिन्यातला. उन्हात वाढलेला, हिरवा, जाड, आंबट. तोच ओव्हनमध्ये टिकतो आणि पावाला धरून राहतो. ताटात आलेलं न बोलता खाणाऱ्या माणसाला हा फरक कसा कळावा?

दुसऱ्या खेपेस त्याने वेळ कमी केला आणि आंबटपणासाठी व्हिनेगर घातलं. विनीला वासानेच कळलं. "पुडिंग आहे की लोणचं?" तेही परत गेलं.

परसात जाऊन पाहिलं तर गोठलेल्या मातीतून लाल कोंब तेवढे डोकावत होते.

"मेपर्यंत थांबावं लागेल," मी म्हणालो.

"नर्सला सांग तसं," तो म्हणाला.

 मग टोपी घालून निघाला. मी मागोमाग.

डेन्बीची पहिली शेड ओढून झाली होती. गड्डे थकले की उपटून खतात जातात. डेन्बी ढकलगाडी लावून उभाच होता.

"दाराजवळची रांग ठेव," सेड्रिक म्हणाला.

"त्यात काय राहिलंय आता? दोनचार काड्या."

"त्याच हव्यात. आणि दार उघडं ठेवायचं. दिवसभर."

डेन्बीने ढकलगाडी खाली टेकवली. "तुम्ही सांगताय? लहानपणी मी दार फटीएवढं उघडं ठेवलं म्हणून माझा कान कुणी पिरगाळला होता?"

"तेव्हा लावायचं होतं. आता उघडायचंय."

"आणि थंडी?"

"शेगडी पेटती ठेवीन."

"दार उघडं आणि शेगडी पेटती! अख्ख्या कार्लटन गावाला ऊब देणार आहात का?"

"कोळसा माझा."

डेन्बी हसला, पण रांग ठेवली.

सेड्रिक रोज उजाडायच्या आधी घरचा कोळसा हातगाडीवर घालून न्यायचा. चढावर मी मागून रेटायचो. उजेड झाला की दार सताड उघडायचं, अंधार पडला की गड्ड्यांवर पोती घालायची. येणारेजाणारे सवयीने ओरडायचे, "अरे दार लावा!" सेड्रिक मान वर करत नसे. पहिले काही दिवस काहीच झालं नाही. मग पानं पिवळ्याची हिरवी झाली, रुंद झाली. दांड्यांवर हिरवा रंग चढू लागला. त्याने एक ओढला, चाकूने तुकडा केला, चावला. डोळे मिटले त्याचे.

"आला आंबटपणा," तो म्हणाला.

महिन्याचा शेवटचा रविवार. पानं विषारी असतात, ती त्याने शेडमध्येच कापून टाकली. तुकडे एकसारखे केले. पाव आदल्या दिवशी वाळवून ठेवला होता. ओव्हनसमोर स्टूल घेऊन बसला आणि उठला नाही. मी बोललो तर म्हणाला, "गप्प बस, वरचा थर बघू दे." कडा जरा जास्त लागल्या. मधला भाग तांबूस, तुकडे आत जागच्या जागी.

विनीने उशीला टेकून पहिला घास घेतला. तोंड वाकडं झालं.

"आंबट आहे."

"साखर आणू?"

"हात लावू नकोस."

तिने दुसरा घेतला, तिसरा घेतला. बशीत चमचा घासल्याचा आवाज आला तेव्हा सेड्रिक खिडकीकडे तोंड करून उभा होता.

सोमवारी नर्स आली. काटा हलला होता, पण फार नाही. तिने ओठ आवळले नाहीत. पलंगाशेजारची बशी उचलून पाहिली. सकाळीही विनीने खाल्लं होतं.

"आणखी आठवडाभर घरीच बघू," नर्स म्हणाली. "खाणं असंच चालू राहायला हवं."

"राहील," सेड्रिक म्हणाला.

"राहील, पण कडा जाळू नको," विनी म्हणाली. "लोणी कडेला कमी पडतं तुझं. पुढच्या खेपेस मला खुर्चीत बसव ओव्हनपाशी, मी दाखवते."

सेड्रिकने कोट चढवला आणि मला हातगाडीकडे खूण केली. शेडमध्ये आणखी एका भांड्यापुरते दांडे उभे होते, आणि शेगडीतला कोळसा संपत आला होता.