एकाच पंखाखालचा बॉम्ब

लेक पालथी पडायला लागली तरी तिचा पाळणा आमच्या घरात भिंतीला टेकून उभाच होता, आणि मी त्यावर तिचीच दुपटी वाळत घालत होते. माझ्या वडिलांनी सेनगावहून येऊन तो आमच्या आखाडा बाळापुरातल्या, लाकूड कातणाऱ्या खरादीचाचांकडून हौसेनं करून घेतला होता. लाखेचे लाल-पिवळे खांब, वर फिरत्या चिमण्या. पण ह्यांनी तुळईच्या कडीला दोरी बांधूच दिली नाही. नाव ठेवायला बायका जमल्या, तेव्हा लेकराला सतरंजीवर निजवून गाणं म्हणावं लागलं. बायकांनी गाणं म्हटलं आणि जाताना जे बोलायचं ते बोलल्या.

आमचे हे हवाई दलात होते. विमानाच्या पंखांखाली बॉम्ब चढवणं हे त्यांचं काम. लढाई संपल्यावर नोकरी पुरी करून ते बाळापूरला आले आणि बाजाराजवळ डिझेल इंजिनं दुरुस्त करू लागले. गावाला गोष्टी ऐकायला पायलट हवा होता, त्यामुळे बॉम्ब चढवणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. आल्या आल्या त्यांनी एकच केलं, स्वयंपाकघरातलं शिंकं सोडलं आणि दुधाचं भांडं जमिनीवर ठेवलं. मांजराची तेव्हापासून चैन झाली. डोक्यावर काही लोंबकळलेलं त्यांना चालत नसे. काहून, म्हणून विचारलं की म्हणायचे, "राहू दे न."

मी भांडखोर आहे, हे माझ्या माहेरचेही मान्य करतात. पण ह्यांच्या त्या "राहू दे न"पुढे माझं काही चालत नसे. भिंतीशी किती भांडणार?

त्या हिवाळ्यात शाळेचं प्रदर्शन होतं. हेडमास्तर घरी येऊन म्हणाले, हल्ला करणारं विमान करून द्या, पोरांना दाखवू. हे चक्क हो म्हणाले. पांगाऱ्याचं हलकं लाकूड आणलं, अंगणात बसून तासलं, काचकागदानं घासलं. पंखांची लांबी सुतळीनं मोजून दहादा ताडून पाहिली. मी चांदीचा रंग दिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आम्ही दोघं एका कामाला बसलो होतो, आणि मला ते फार आवडलं होतं.

पंखांखाली चार जागा होत्या. मी म्हटलं, "चारीकडं चार बॉम्ब लावा. भरल्यावानी दिसंल."

"विमान कुठं चाललंय?"

"कुठं म्हंजे? शाळेत."

ते हसले नाहीत. "कुठं जायचंय त्याच्यावर ठरतं. लांब जायचं असंल तर आतल्या दोन जागी पेट्रोलच्या टाक्या लावाव्या लागतात. मग बॉम्ब दोनच. जवळ असंल तर चार चालतात. नुसतं दिसायला म्हणून कोणी भरत न्हाई."

"मग तुमी भरायचे ते कुठं जायचं?"

"आमाला सांगत नसत. टाक्या लावा म्हटलं की समजायचं, लांब."

त्यांनी पंखांखाली चार खुणा केल्या. म्हणाले, "दोन टाक्या, दोन बॉम्ब."

टाक्या आणि बॉम्ब खरादीचाचांनी करून दिले. चाचांचा हात भवरे आणि पाळण्याचे खांब करण्यात मुरलेला. पहिले बॉम्ब त्यांनी पोट सुटलेले आणि कमरेला लाल पट्टे असलेले केले. हे दुकानात बसून राहिले आणि सडपातळ, करड्या रंगाचे करून घेतले. चाचांनी दोनाचे चार केले, एखादा फुटला तर असावा म्हणून.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सगळं जागच्या जागी बसलं. ह्यांनी विमान हातात धरून बराच वेळ पाहिलं. मग उजव्या पंखाखालचा बॉम्ब काढून घेतला आणि तिथली खूण रंगानं बुजवली.

मला राग आला. एका कानात डूल घालून लग्नाला निघालेल्या बाईसारखं ते दिसत होतं. "आता हे काय?"

"हे परत आलेलं हाये," ते म्हणाले. "असंच बराबर हाये."

शाळेत विमान वर्गाच्या मधोमध टेबलावर मांडलं. मी लेकीला कडेवर घेऊन गेले. आम्ही बाकीचं पाहून परत येतो तर टेबलापाशी खरादीचाचा उभे. दोन्ही पंखांखाली बॉम्ब होते. चाचांना वाटलं, आणताना एक गळून पडला. आपल्या मालाची लोकांत शोभा नको म्हणून उरलेल्यातला एक त्यांनी घरून आणला आणि लाख तापवून पक्का चिकटवला. आमच्याकडे पाहून ते समाधानानं म्हणाले, "आता हलवून बघा भाऊ."

ह्यांनी हलवलं नाही. बॉम्ब धरला आणि मुरगाळून तोडला. पंखाचा रंग खरवडला गेला.

"काहून काढला भाऊ?" चाचांचा चेहरा उतरला होता. "चांगला बसला होता की."

त्यांचा चेहरा बघून हे खाली बसले. मला वाटलं, आता "राहू दे न" म्हणतील. पण ते बोलले, आणि बोलताना फक्त चाचांकडे बघत होते.

"एक विमान परत आलं, चाचा. एक बॉम्ब सुटला होता, एक अडकला होता. पायलटनं कसंबसं उतरवलं. बाकीच्यांना लांब नेलं. मी अन् माझा जोडीदार खाली गेलो. बॉम्ब सुटू नये म्हणून तो पिन घालायला वर चढला. बॉम्बची कडी अर्धी उघडी होती. बॉम्ब उतरवून घ्यायचा गाडा यायचा होता. तवर मी बॉम्बला दोन्ही हात लावून खाली उभा राहिलो."

"हातानं पेलला असता?" चाचांनी विचारलं.

"न्हाई. ते मला कळत होतं. पण हात काढवंना."

"मग?"

"मग काई न्हाई. गाडा आला, बॉम्ब उतरवला, आमी चहा प्यालो. काई झालंच न्हाई, तर लोकांला सांगावं काय?"

चाचांनी टेबलावरचा तोडलेला बॉम्ब उचलून खिशात घातला. माझ्या कडेवर लेक होती. घरी भिंतीला टेकलेला पाळणा मला आठवला, सोडलेलं शिंकं आठवलं, आणि इतके दिवस आपण कुणाशी भांडत होतो ते कळलं. मला रडू आलं. लेकीचं टोपडं नीट करायच्या निमित्तानं मी तोंड फिरवलं.

घरी आल्यावर मी पाळण्याचा विषय काढला नाही. गप्प राहणं मला किती जड जातं, ते मला ओळखणाऱ्यालाच कळेल.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ह्यांनी स्वतःच नवा दोर आणला. स्टुलावर चढून तुळईची कडी घासली, ओढून पाहिली, तिला लोंबकळून पाहिलं. पाळणा बांधला. त्यात आधी ज्वारीची पायली ठेवून झोका दिला. मग पायली काढली आणि माझ्याकडे हात केले. मी लेक दिली.

तिला आत निजवून ते खाली वाकले आणि पाळण्याच्या बुडाला दोन्ही तळवे लावून उभे राहिले. लेक वरच्या चिमण्या बघून पाय झाडत होती. झाडलं की पाळणा हले, आणि ह्यांचे हातही त्याच्याबरोबर हलत. मी चुलीवरचं उतरवून आले तरी ते तसेच होते. घाम आला होता.

मी पाळण्याला झोका द्यायची दोरी सोडवून त्यांच्यापुढे धरली. "हे घ्या. ही ओढायला हात लागतो."

त्यांनी आधी एक हात काढला आणि दोरी धरली. दुसरा काढायला वेळ लागला. मी थांबले.