गांजा एकच, उपचार दोन

केंद्राच्या साहेबांनी माझ्या गळ्यात पाटी अडकवली. वर खडूनं लिहिलेलं, ‘मी गंजाडी.’ रांगंनं बसलेली पोरं हसली. आई दाराशी उभी होती. भेटायचा दिवस होता. तिला दाखवायलाच हे मांडलं होतं.

दौंडकडचं व्यसनमुक्ती केंद्र. शिक्रापूरला कंपनीत कंत्राटी कामाला होतो तवा खोलीवर गांजा लागला. उभ्यानं कामाची पाळी करायची, अंग ठणकायचं. पयल्यांदा गंमत. मग वढल्याबिगर झोप न्हाई, घास न्हाई. कंपनीनं काढलं. आईनं केंद्रात आणून घातलं.

आमच्या निमोणे गावच्या बागायतदाराचा पोरगा बी तिथंच होता. त्यांच्याच रानात आई खुरपायला जायची. त्याला समुपदेशक मॅडम रोज खोलीत बसवून बोलायच्या. तलप कवा येती, कुणासंगं असताना येती, आली की काय करायचं, समदं शिकवायच्या. मी संडास धुवायचो. मॅडम मला कवा भेटणार, म्हणून इचारलं. साहेब म्हणाले, “तुला बोलून कळणार नाही. तुमच्यात ती सवयच नसते.”

तुमच्यात.

पाटी अडकवली त्या दिवशी साहेब आईला म्हणाले, “मावशी, सगळ्यांसमोर थोबाडीत द्या याच्या. लाज वाटली की सुटतं. हाही उपचारच आहे.”

आईनं हात उचलला. जोरात द्या, साहेब म्हणाले.

मी तिचा हात धरला. पाटी काढून टेबलावर ठेवली. बागायतदाराच्या पोराकडं बोट केलं.

“आधी ह्याच्या आईला बोलवा. तिनं मारलं की माझी मारंल.”

कुणी हसलं न्हाई.

दुपारीच आम्हाला बाहेर काढलं. एसटीत आई एवढंच बोलली, “आता तुला कोण घेईल?”

कुणीच न्हाई घेतलं, ना केंद्रानं, ना कंपनीनं. तिला बागायतदारानं रानात पुन्हा कामाला बोलावलं न्हाई. मी परत वढायला लागलो. एकदा शिरूरच्या सरकारी दवाखान्यात गेलो. समुपदेशकाची जागा रिकामी. खोलीला कुलूप. माणूस आला की या, शिपाई म्हणाला.

तलप आत्ता बी हाय. सुटंल असं वाटत न्हाई. सोबतची पोरं म्हणत्यात, दवाखान्यात कशाला चपला झिजवतो.

तरी दर बुधवारी मी त्या कुलपापुढं जाऊन बसतो. शिपाई उठवतो. मी उठत न्हाई. आजार माझा हाय. त्याला शिक्षा नको, उपचार पायजे. माणूस नेमत न्हाईत तवर बसणार. न्हाई नेमला तरी बसणार.