ज्ञानोबांचे कान

हे आजवर कुणाला कळलेलं नाही. बायकोला नाही, कंपनीतल्या जिवाभावाच्या दोस्तांनाही नाही. तुम्हालाच का सांगतोय, ते नीटसं सांगता येणार नाही. ऐकून तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? पोलीस आले नसते, कुणी बोटही दाखवलं नसतं. चोरी म्हणावी का? सुरुवात तिथूनच झाली. पण ती चोरी मला एवढी छळत नाही. छळतं ते एक वाक्य — माझ्या तोंडून गेलेलं.

मी पिंपरीत एका कंपनीत मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन होतो. शिफ्ट सुटली की चिंचवडला घराच्या ओट्यावर बसून अँप्लिफायर दुरुस्त करायचो — जुने, व्हॉल्व्हचे, म्हणजे आत काचेच्या नळ्या तापून चालणारे. ट्रान्झिस्टर आले होते, लोक व्हॉल्व्हचे सेट भंगारात काढत होते. पण ज्यांना गाण्याचा नाद, ते ते सोडायला तयार नसत. त्यांतलेच एक ज्ञानोबा.

ज्ञानोबा दिघीचे. घरची थोडी शेती, आणि भोसरीच्या एका फोर्जिंग कारखान्यात हॅमरवर नोकरी. लाल लोखंडावर दिवसभर तो अजस्र घण पडायचा. बाहेर रस्त्यावर उभं राहिलं तरी छातीत धडधडायचं. आणि हाच माणूस गावच्या भजनात असा सूर लावायचा की पेटीवाला पेटी विसरायचा. लष्करातला एक साहेब बदली होऊन जाताना त्याच्याकडून त्यांनी रेकॉर्ड प्लेयर आणि अँप्लिफायर घेतला होता. तबकड्या ऐकून ऐकून गाणं शिकले. दुसरा गुरू नव्हता.

तो अँप्लिफायर घुमायला लागला म्हणून माझ्याकडे आला. बिघाड साधा — एक कंडेन्सर बाद झाला होता. बदलला, घूं घूं थांबली. पण आत शेवटचे दोन मोठे व्हॉल्व्ह होते, आवाजाला ताकद देणारे. परदेशी, नव्यासारखे. माझी नजर तिथंच अडकली.

का अडकली? आमच्या आळीच्या गणपती मंडळाच्या सेटचे नेमके तसलेच दोन व्हॉल्व्ह थकले होते. पुण्याला बुधवार पेठेतली रेडिओच्या सामानाची दुकानं पालथी घातली, मिळेनात. आणि मी पोरांसमोर छाती ठोकून बसलो होतो — विसर्जनाला वाजवून दाखवतो म्हणून. मग ज्ञानोबांचे काढले, मंडळाच्या सेटला लावले. त्यांच्या सेटमध्ये मंडळाचे थकलेले घातले. विसर्जन झालं की जिथले तिथं. कुणाला काय कळणार?

मिरवणुकीत जनरेटरचं व्होल्टेज चढलं आणि दोन्ही व्हॉल्व्ह जळाले. ज्ञानोबा सेट न्यायला आले, मी तसाच देऊन टाकला. तेव्हा सांगता आलं असतं? आलं असतं. ते रागावलेही नसते बहुतेक.

थोड्याच दिवसांत सायकलच्या कॅरियरला सेट बांधून ते परत आले.

"राव, घुमायचं थांबलं, पर आवाज बसलाय. वरचा सूर आला की चिरकतोय."

मी तबकडी लावली. चिरकत होता. साफ चिरकत होता — ओट्याखालून जाणाऱ्यालाही कळलं असतं. आणि मी म्हणालो — अगदी शांतपणे म्हणालो —

"मला तर चोख ऐकू येतंय. ज्ञानोबा, तुमचं ते हॅमरचं काम. कान तपासून घ्या एकदा."

हेच ते वाक्य.

ते स्पीकरपाशी वाकले, एक कान लावला, मग दुसरा. "आनखी एकदा लावा की," म्हणाले. मी लावली. त्यांच्या चेहऱ्यावर जे झालं ते... नाही, ते मला सांगता येत नाही.

"तुमाला बरूबर येतंय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग माझंच असंल."

भजनाला जाणं त्यांनी हळूहळू सोडलं. मंडळी घरी जाऊन सांगायची, ज्ञानोबा, सूर पक्का लागतोय तुमचा. त्यांना वाटायचं, माणसं आपल्याला सांभाळून घेतायत. ज्याचा स्वतःच्या कानावरचा भरवसा उडाला, त्याला कोण काय पटवणार?

पुढं मला तसले दोन व्हॉल्व्ह मिळाले. खिशात घालून दिघीला गेलोही. सेट खाटेखाली होता, वर पोतं टाकलेलं. "सेट एकदा बघून घेतो," म्हणालो. ते म्हणाले, "कशाला राव? मला काय कळतंय आता त्यातलं." त्यांच्या पत्नी पारूवहिनी दाराशी उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "आता घरातबी गुणगुनत न्हाईत ह्ये." खिशात माझी मूठ व्हॉल्व्हवर होती. तशीच राहिली. सेट लगेच खणखणीत वाजला असता, आणि कसा वाजला ते सांगावं लागलं असतं.

हॅमरनं कान शेवटी नेलेच — पण कितीतरी वर्षांनी. तोवर ते शाबूत होते. तेवढी वर्षं त्यांना गाता आलं असतं. ती मी घेतली.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर ते भेटले, तेव्हा पूर्ण बहिरे झाले होते. त्यांच्या अंगणात दोघंच होतो. मी त्यांच्यासमोर बसलो आणि सगळं बोललो — व्हॉल्व्ह, मंडळ, ते वाक्य. हळू आवाजात, मान खाली घालून, ओठसुद्धा वाचता येऊ नयेत अशा बेतानं. हेही माझंच कर्तृत्व.

माझं बोलून संपलं हे त्यांना दिसलं असावं. "व्हय, व्हय," ते हसून म्हणाले, आणि आत वळून मोठ्यानं ओरडले, "अगं, पाव्हन्यास्नी चा टाक."

मी चहा प्यालो आणि घरी आलो.