पुरणयंत्र घेऊन बाजाराला

वैशाली दुबई विमानतळावर रडली नाही. तिने मला सूचना दिल्या. नवरा ट्रॉली ढकलत पुढे रांगेत, मुलगा त्याच्या मागे, आणि ही बाई दर दोन पावलांनी मागे वळून ओरडतेय, "नीला, मखर आडवं ठेवू नकोस! घंगाळाला चिंच लावत जा! पुरणयंत्राच्या जाळ्या वेगळ्या डब्यात आहेत गं!" शेजारच्या अरब कुटुंबाला वाटलं असणार की ही मालकीण आणि मी तिच्याकडे कामाला.

मंदीचं वर्ष होतं ते. दुबईतल्या क्रेन माना वाकड्या करून उभ्या राहिल्या होत्या आणि वैशालीचा मिलिंद ज्या बांधकाम कंपनीत होता तिने माणसं कमी केली. आमच्याकडे नोकरी गेली की पाठोपाठ व्हिसा जातो, आणि व्हिसा गेला की घर गुंडाळायचं. मिलिंदच्या मामेभावाने इंग्लंडमध्ये काहीतरी जमवून दिलं. "सहा महिने गं फक्त," वैशाली म्हणायची, "मार्केट सुधारलं की परत. इन्शाल्ला." शारजात, अल मजाजच्या आमच्या टॉवरमध्ये, तिचं दार आणि माझं दार समोरासमोर. त्यामुळे तिचं सामान कुठेही गेलं नाही. पॅसेज ओलांडून माझ्या बाल्कनीत आलं.

मी तरी नाही कशी म्हणणार? मी पुणं सोडलं तेव्हा माझ्या आईने माझी ट्रंक माळ्यावर चढवून ठेवली होती. "ट्रंक इथे आहे ना, मग तू येणार असं मी धरून चालते," ती म्हणाली होती. विमानतळावर मी वैशालीला तेच वाक्य ऐकवलं. आईचं आहे हे न सांगता.

सहा महिन्यांची चार वर्षं झाली. खालिद लगूनचं पाणी बघायला आम्ही जादा भाडं भरतो, आणि माझ्या बाल्कनीतून दिसायचं काय, तर थर्माकोलचं मखर. श्रीकांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिथे एक खुर्ची टाकून चहा प्यायचा होता. एवढीच त्या माणसाची महत्त्वाकांक्षा. दुबईहून शारजाच्या ट्रॅफिकमधून सुटून घरी आला की तो बाल्कनीच्या दारात उभा राहून घंगाळाकडे बघायचा. "नीला, खलास. ते येत नाहीत."

"येतील. क्रेन हलायला लागल्यात."

"क्रेन हलतायत. वैशाली हलत नाहीये."

मग त्याच्या ऑफिसने त्याला ट्रेनिंगसाठी लंडनला पाठवलं आणि मी आणि ऋचा, आमची पंधरा वर्षांची लेक, मागे लागून गेलो. वैशाली आता लंडनपासून ट्रेनने दीड-दोन तासांवरच्या एका जुन्या बाजाराच्या गावात राहत होती. तिथल्या चौकात कुठल्याशा राजाच्या काळापासून बाजार भरतो आणि त्या बाजारात आमची वैशाली टेबल लावून कोथिंबीर वडी विकते, हे तिने फोनवर इतक्यांदा सांगितलं होतं की ऋचा तिच्या आवाजात म्हणून दाखवायची. ठरलं, न सांगता जायचं. टेबलासमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, "ताई, वडी ताजी आहे ना?"

परीक्षेची कल्पना श्रीकांतची. "तिची एक वस्तू बरोबर घे. 'राहू दे तिकडेच' म्हणाली तर ती येणार. घेतली, तर मला खुर्ची." मी बाणेदारपणे पुरणयंत्र उचललं. होळीला आमच्या दोन्ही घरांचं पुरण त्यातून निघायचं. ते ती इंग्लंडात ठेवून घेईल, हे शक्यच नव्हतं. पितळ चेपू नये म्हणून मी ते हातातल्या बॅगेत घातलं. विमानतळावर तपासणीच्या अधिकाऱ्याने ते बाहेर काढून हँडल गरगर फिरवलं. "मॅडम, हे काय?" मी म्हटलं, "स्वीट." ऋचा दोन माणसं सोडून मागे जाऊन उभी राहिली. "मम्मा, आय डोन्ट नो यू."

आता जायचं कधी? पुण्यातल्यांनो, इथे हसू नका. श्रीकांतने नकाशा काढला, वेळापत्रक काढलं, चष्मा चढवला आणि निकाल दिला, "शनिवारी सुट्टी, बाजार बंद असेल. रविवारी जाऊ. रविवारी सगळं सुरू." माझी मान हलली. ऋचाचीही हलली. वर्षानुवर्षं आमची सुट्टी शुक्रवार-शनिवारची. रविवार म्हणजे आमच्या घरात इस्त्रीचे कपडे, शाळेची बस आणि "यल्ला, उशीर होतोय"चा गजर. शनिवारी आम्ही लंडन फिरलो, सगळी दुकानं उघडी दिसली, तर मी म्हटलं, "बिचारे, सुट्टीच्या दिवशीसुद्धा उघडतात." तरीही तिघांपैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

रविवारी स्टेशनवर चिटपाखरू नव्हतं. श्रीकांत खूश. "बघ, कामाचा दिवस, सगळे ऑफिसला गेलेत." ट्रेन अर्ध्या वाटेपर्यंत गेली आणि तिथे सगळ्यांना उतरवलं, रुळांची दुरुस्ती चालली होती, पुढे बस. लाउडस्पीकरवरचा माणूस इतक्या वेळा माफी मागत होता की मला त्याला घरी जा म्हणावंसं वाटलं. "कामाच्या दिवशी दुरुस्ती?" श्रीकांत चिडला. "आमच्याकडे असलं चाललं नसतं!" आमच्याकडे, म्हणजे शारजात. शारजात ट्रेन नाही, हे मी त्याला बसमध्ये बसल्यावर सांगितलं.

गाव मात्र देखणं. दगडी पूल, वाकलेली लाकडी घरं, एकमेकांच्या खांद्यावर रेललेली. मधोमध फरसबंद चौक आणि त्यात खांबांवर उभा असलेला बाजाराचा जुना मंडप. मंडपाखाली एकूण माल पुढीलप्रमाणे: कबुतरं. बस्स. एक टेबल नाही, एक वडी नाही. चर्चमधून एक आजीबाई टोपी सावरत बाहेर आल्या, त्यांना मी विचारलं, "बाजार कुठेय?" त्यांनी माझ्याकडे फार मायेने पाहिलं. "बुधवारी आणि शनिवारी, डिअर. राजाने सनद दिली तेव्हापासून. आज रविवार आहे ना?"

मी श्रीकांतकडे पाहिलं. श्रीकांत कबुतरांकडे पाहू लागला. राजा, सनद, प्लेगसुद्धा पचवलेला तो बाजार आमच्या शुक्रवारपुढे हरला होता.

नाइलाजाने फोन लावला.

"नीला! आज कशी काय आठवण? कुठे आहेस?"

"चौकात."

"कुठल्या चौकात? लगूनवर?"

"तुझ्या चौकात गं बाई! कबुतरांबरोबर! तुझा बाजार कुठेय?"

पलीकडे एक किंकाळी, मग काहीतरी पडल्याचा आवाज. पंधरा मिनिटांत ती गल्लीच्या तोंडाशी दिसली. गाऊनवर ओव्हरकोट, पायात सपाता. मिठी मारण्याआधी ती भांडली. "रविवारी कोण येतं बाजाराला? भावजी, तुम्हीसुद्धा?" आणि मग तिचं तिलाच हसू फुटलं. "मिलिंद इथे आल्यावर पहिल्या रविवारी टाय लावून ऑफिसला गेला होता. बंद दारापुढे डबा घेऊन उभा. मला फोन करतो, 'कंपनी पळाली बहुतेक!' मंदीने इतका घाबरला होता ना बिचारा."

आम्ही हसून हसून मंडपाच्या पायरीवर बसलो. आणि मग मी पिशवी पुढे केली.

तिने आत हात घातला. हँडल लागताच थांबली. मी मनात म्हणत होते, म्हण, राहू दे तिकडेच. म्हण ना.

"अगं, आणलंस!" तिने यंत्र कोटाला कवटाळलं. "चाळणीतून पुरण घासून मनगटं गेली माझी! इथे पुरणपोळी जाते गं, गोड डाळीचं पॅनकेक म्हणून. आता बघ मी किती करते."

झालं. परीक्षा संपली. मी श्रीकांतकडे बघायचं टाळलं, पण तो जाळ्यांचा डबा काढून तिच्या हातात देत होता. खुर्ची जिंकलेला माणूस इतक्या पडेल चेहऱ्याने मी पाहिलेला नाही.

दुपारी तिच्या घरी तेच यंत्र फिरलं, पुरण निघालं, आम्ही जेवलो. बारीक जाळीने ते तसंच मऊ निघतं, इंग्लंडातही. मला ते जरा जास्तच गोड लागलं. संध्याकाळी वैशाली आम्हाला बसपर्यंत सोडायला आली आणि लागली सुरू, "मखर आडवं ठेवलं नाहीस ना? घंगाळ काळं नाही ना पडलं?"

माझा तोल गेला. "वैशाली, तू परत येणार आहेस का, एवढं सांग!"

"नाही गं," ती अगदी सहज म्हणाली. "लेकाची शाळा, मिलिंदचं बस्तान, माझं टेबल. आता कसली येते."

"मग ते सामान?"

"राहू दे की तुझ्याकडे. टाकू नकोस हं."

"अगं, पण कशाला?"

बसचा ड्रायव्हर हाका मारत होता. तिने माझी ओढणी सारखी केली. "तिथे माझं काहीच नको का?"

येणारही नाही, आणि टाकायचंही नाही! बसमध्ये मी पूर्ण वेळ धुसफुसले. असं कुणी वागतं का? माझी बाल्कनी म्हणजे काय धर्मशाळा? श्रीकांत खिडकीबाहेर बघत म्हणाला, "खुर्ची काय, दिवाणखान्यातही मावते," आणि मग मला आणखीच राग आला, कारण भांडायला कुणी उरलं नाही.

शारजाला परतल्यावर पहिल्या शुक्रवारी मी घंगाळाला चिंच लावली. घासता घासता हात थांबले आणि मी ओल्या हातानेच पुण्याला वहिनीला फोन लावला. आई गेली, तेव्हापासून माझी ट्रंक तिच्या वाट्याला आली आहे.

"वहिनी, माझी ट्रंक आहे ना हो?"

"आहे की. दर वेळी माळा आवरताना माझ्या कमरेला आठवण करून देते. नेताय का, ताई?"

"नाही."

"मग तुम्ही येताय? कायमचे?"

मी लगूनकडे पाहिलं. मखराच्या कमानीतून पाण्याचा एक तुकडा दिसत होता. "नाही हो वहिनी. आता कसली येते. पण टाकू नका हं."

पलीकडून एक उसासा आला. तो मला पाठ होता. चार वर्षं मी तोच टाकत होते.

"बरं," वहिनी म्हणाली. "कुलूप गंजलंय तिचं. दिवाळीच्या साफसफाईत नवं लावते. किल्ली पाठवू का?"

"नको," मी म्हटलं. "तुमच्याकडेच असू दे."