तपासणीच्या आधीची तालीम

देगलूरच्या बसस्टँडवर आप्पा मला सोडायला आले तेव्हा त्यांनी कोट घातला होता. मे महिना होता, टपरीवरची कुत्रीसुद्धा बाकड्याखालच्या सावलीत सरकली होती, आणि आप्पा कोटात उभे. हा कोट दोनच प्रसंगी बाहेर यायचा: शाळेची तपासणी असली की, आणि गावातलं कुणी कायमचं जात असलं की. आईनं दशम्यांचं फडकं माझ्या मांडीवर ठेवलं आणि ती रडून घेऊ लागली. आप्पा मुख्याध्यापक होते, त्यामुळे त्यांनी सूचना दिल्या. शेवटची सूचना बस हलल्यावर, खिडकीबरोबर चार पावलं चालत: "तिथं कुणापुढं जमत नाही म्हणू नकोस. नसेल जमत तर गुपचूप शीक. दिसताना जमतंय असंच दिसलं पाहिजे."

तुमच्यापैकी जे तिकडेच राहिले त्यांना वाटतं आम्ही परक्या राज्यात गेलो. आईलाही तसंच वाटत होतं. आप्पांच्या हिशेबी मात्र मी राजधानीला चालले होते. त्यांची सुरुवातीची शाळा निजामाच्या राज्यात, उर्दूतून झालेली, त्यांच्या वडिलांची कोर्टकचेरी हैदराबादला. भाषावार प्रांत झाले हे त्यांना मान्य होतं, पण बसची पाटी वाचताना त्यांचा आवाज अजून थोडा दरबारी व्हायचा.

देशाची दारं उघडली असं वर्तमानपत्रं त्या दिवसांत रोज सांगत होती. माझ्यासाठी उघडलेलं दार हे होतं: इंग्रजीत एम. ए. झालेल्या मुलीला विचारणारं जगात प्रथमच कुणीतरी निघालं. हैदराबादच्या एका सॉफ्टवेअर कंपनीला, प्रोग्राम कसा वापरायचा याची पुस्तकं लिहायला माणसं हवी होती. हुद्द्याचं नाव टेक्निकल रायटर. आप्पांनी गावात सांगितलं, "मुलगी कॉम्प्युटरमध्ये आहे." ऐकणाऱ्याला वाटावं, अडकली आहे आणि काढायला माणसं गेली आहेत.

आधी नारायणगुड्यात एका तेलुगू कुटुंबाकडे खोली घेतली, नंतर मलकपेठेत फ्लॅट. भाषा हळूहळू पातळ होत गेली. भाजीवाल्याला "नक्को", रिक्षावाल्याला "हौ", ऑफिसात इंग्रजी, आणि स्वतःशी मराठी, तीही दर वर्षी थोडी कमी. आई एकदा फोनवर म्हणाली, "तू आता मराठी बोलायलीस की वाचून दाखवायलीस?"

कंपनीत मला जे काही शिकायला मिळालं ते सुगुणा मॅडमकडून. त्यांनी एका सरकारी कारखान्यात उभी हयात यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिली होती, स्वेच्छानिवृत्ती घेतली होती आणि आता आमच्याकडे सल्लागार होत्या. जाड काचांचा चष्मा, केसांत अबोलीचा गजरा, आणि कुठल्याही भाषेत अपमान करण्याची तयारी. माझं पहिलं पुस्तक त्यांनी वाचलं आणि विचारलं, "ये किसके लिए लिखी अम्मा? अपने प्रोफेसर के लिए?" दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एका गिऱ्हाइकाच्या ऑफिसात नेलं, तिथल्या कारकुनाच्या मागे खुर्ची टाकून बसवलं आणि बजावलं की काही झालं तरी बोलायचं नाही, हात लावायचा नाही, मान हलवायची नाही. तो बिचारा माझं पुस्तक घेऊन चुकत होता, आणि मला कळत होतं की प्रत्येक चुकीच्या जागी माझं एकेक आवडतं वाक्य उभं आहे.

शेवटी न राहवून मी त्याला विचारलं, "समझ में आया?"

"जी मॅडम, सब समझ गया," तो म्हणाला. त्याला काहीही समजलं नव्हतं.

बाहेर आल्यावर सुगुणा मॅडम म्हणाल्या, "समझे क्या, ऐसा पूछो नक्को. अपने लोगाँ में कौन बोलता, नै समझा बोल के? करके बताओ बोलो, और चुप बैठो." त्या काळात परदेशातून या विषयावर गुळगुळीत कागदाची पुस्तकं येऊ लागली होती. त्यांत हीच गोष्ट आकृत्या काढून सांगितलेली असे, फक्त गजऱ्याचा वास नसे.

मग कंपनीनं युजेबिलिटी लॅब उघडली, म्हणजे आमचे प्रोग्राम लोकांना वापरता येतात का हे बघायची खोली. फीत कापली, नारळ फोडला, संगणकाला कुंकू लावलं. एका बाजूनंच दिसेल अशी काच बसवली. काचेच्या अलीकडे खऱ्या वापरणाऱ्यांनी काम करायचं, पलीकडून आम्ही बघायचं. उद्घाटनाला अमेरिकन गिऱ्हाइकाची माणसं येणार होती. प्रोग्राम होता इस्पितळात पेशंटची नोंद करण्याचा, म्हणून एका इस्पितळाच्या काउंटरवरच्या तीन मुली बोलावल्या होत्या. आमच्या डायरेक्टरनं आदल्या दिवशीच त्या मुलींना बोलावून घेतलं, जेवू घातलं, आणि कुठलं बटण कधी दाबायचं ते संध्याकाळपर्यंत घोटून घेतलं. पाहुण्यांसमोर फजिती नको. यात त्याला काही गैर वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर ऐकलं तेव्हा मलाही वाटलं नाही. मी आप्पांच्या शाळेत शिकले होते. साहेब यायच्या आधी आठवडाभर आमची तालीम चाले. नकाशात गोदावरी कुणी दाखवायची हे ठरलेलं असे, आणि आप्पा कोट घालून म्हणत, "विचारा साहेब, कुणालाही विचारा." एका साहेबानं भलतंच विचारलं, कृष्णा दाखव. पोरानं ठणठणीत आत्मविश्वासानं पुन्हा गोदावरीच दाखवली.

लॅबमध्येही तेच झालं. पहिल्या मुलीनं काम सांगून व्हायच्या आत करून दाखवलं. अमेरिकन पाहुणे खूश. सुगुणा मॅडमनी चष्मा पुसला, आत गेल्या आणि तिला वेगळंच काम दिलं: काल नोंदवलेल्या पेशंटचं नाव चुकलंय, दुरुस्त कर. मुलगी हसली, आणि तिनं एक नवा पेशंट नोंदवला. पुन्हा सांगितलं. तिनं आणखी एक नोंदवला. मग तिचं हसू गेलं. नंतर ती जिन्यात रडत बसली होती. तिला वाटत होतं आता इस्पितळातली नोकरी गेली.

डायरेक्टर मॅडमवर उखडला. "तुम्ही आमची इज्जत घालवलीत!"

"इज्जत रहने दो," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "बच्ची को पहले बोले थे क्या, तेरा कुछ नै जाता? जिसका कुछ जाने वाला है, वो सच कायकू दिखाता?"

हे मी ऐकलं, आणि मला आप्पा आठवले. त्याला कारण होतं.

त्याच्या दोन वर्षं आधी आई गेली होती. तेराव्याला मामांनी बैठक घेतली आणि सगळ्यांच्या वतीनं ठरवून टाकलं: आप्पांना काचबिंदू आहे, डोळे साथ देतील तोवर देगलूर, मग हैदराबादला लेकीकडे. आप्पांना कुणी विचारलं नाही. मीही मान हलवली. बैठकीत सगळेच मान हलवत होते.

तेव्हापासून मी जाण्याआधी शेजारच्या कमळाकाकूंकडे फोन करून दिवस कळवायची, आणि प्रत्येक वेळी सगळं उत्तम असायचं. आप्पा दारात उभे, चहा स्वतः करणार, कप माझ्या हातात देणार. मग खुर्चीत बसून मला पेपरातली मोठी बातमी वाचून दाखवणार. मी विचारायची, "डोळ्यांचं कसं काय?" ते म्हणायचे, "नंबर थोडा वाढलाय." गेल्या खेपेला ते अर्थसंकल्पाची बातमी वाचत होते आणि पेपराचं माझ्याकडचं पान क्रिकेटचं होतं. मी समजूत करून घेतली की बातमी आतल्या बाजूला असेल.

लॅबच्या प्रकारानंतर मी रविवारी येते म्हणून कळवलं आणि शुक्रवारीच बसले.

दुपारची वेळ. घराचं दार उघडं होतं. ओसरीवर चपला काढायच्या आधीच मला कमळाकाकूंचा आवाज आला, आणि मी थांबले.

"हं, आता मी तुमची लेक. आले बघा बसमधून. आप्पा, कसे आहात?"

"ये बाई, ये. उशीर झाला का बसला?"

"कुठं बघायलात? माझ्या खांद्याकडं नका बघू. आवाज येतो तिकडं बघा. अजून वर. हं."

"उशीर झाला का बसला?" आप्पांनी पुन्हा म्हटलं, नव्या दिशेला.

"आता ती पिशवी इथं ठेवील. तिला म्हणा, कोपऱ्यात ठेव. नाहीतर मागच्या खेपेसारखे अडखळाल."

"मागच्या वेळी मी सावरलं होतं."

"सावरलं कसलं! म्हणालात, पायाला मुंग्या आल्या. मुंग्या किती वेळा येतील माणसाला, गुरुजी? पेपरातली बातमी सकाळी वाचून दाखवली, ती पाठ आहे ना? आता चहा."

काचेच्या पलीकडे बसायची मला सवय होती. पण तिथं माझ्यासमोर परकी माणसं असायची. इथं आप्पा हात पुढे करून एकेक पाऊल टाकत स्वयंपाकघराकडे निघाले. चहा ओतला, कप बशीत ठेवून उचलला. तो त्यांनी मला द्यायचा तसाच कमळाकाकूंपुढे धरला, अगदी सरळ, एक थेंब न सांडता. त्यांची मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी भाजल्याच्या डागांनी भरलेली होती. मी यायची तेव्हा ते पूर्ण बाह्यांचा सदरा घालत, हे मला तेव्हा उमगलं.

"आता डोळ्यांचं विचारील," काकू म्हणाल्या.

"नंबर थोडा वाढलाय."

"तेच तेच नका सांगू. कॉम्प्युटरवाली आहे, ध्यानात येईल तिच्या."

"मग काय सांगू?" आप्पांनी विचारलं. आयुष्यभर पोरांना उत्तरं घोटून देणारा माणूस हे विचारत होता.

मला मागे फिरता आलं असतं. बसस्टँडवर जाऊन रविवारपर्यंत कुठंतरी राहिले असते तर आणखी एक खेप निभावली असती. पण पुढची कधी निभावणार नव्हती, आणि भाजण्याचा डाग पुढच्या वेळी हातावरच राहील याचा भरवसा नव्हता. मी आत पाऊल टाकलं. काकूंनी तोंडावर पदर धरला. आप्पांना आवाजावरून कळलं. ते वळले, पण माझ्या खांद्याकडे.

सगळ्यात आधी काय बोलायचं हे मला ठाऊक होतं. सुगुणा मॅडमनी ते लॅबमधल्या मुलीबद्दल सांगितलं होतं.

"आप्पा, मी तुम्हाला इथून नेणार नाही. काहीही असलं तरी नाही. मामांना मी सांगते."

कप हातात तसाच होता. मग त्यांनी तो चाचपत टेबलावर ठेवला, थोडा कडेला, आणि काकूंनी तो आत सरकवला.

"किती दिवसांपासून?" मी विचारलं.

"तुझी आई गेली तेव्हा अंधुक दिसत होतं," ते म्हणाले. "तुझा चेहरा शेवटचा मांडवात दिसला, तेराव्याला. मान हलवत होतीस." मग त्यांनी विचारलं, "केस पिकले का गं तुझे?"

"कानाजवळ थोडे."

"बघ. कमळाबाई, हे नाही सांगितलंत मला."

"मी का सांगू?" काकू रडत रडत फणकारल्या. "तिचे काय नवऱ्यामुलाला दाखवायचेत आता?"

पुढची काही वर्षं आप्पा देगलूरलाच राहिले. कमळाकाकूंनी स्टोव्ह त्यांच्याकडून काढून घेतला, यावर मोठं भांडण झालं आणि काकू जिंकल्या. मी दर पंधरवड्याला जायची, कळवून किंवा न कळवता, आता त्यात फरक नव्हता. आप्पा आता पेपर वाचून दाखवत नसत. मी वाचायची आणि ते माझे उच्चार सुधारायचे. चहा सांडला तरी ते माफी मागत नसत, आणि मी लगेच पुसायला धावत नसे. त्या घरात मी इतकी निवांत कधीच बसले नव्हते, अगदी लहानपणीसुद्धा नाही. तेव्हा तिथं रोजच तपासणी असे.

मग एका हिवाळ्यात, भर दुपारी, ते परसात नळाजवळ पडले. काकू बाजारात गेल्या होत्या. फोन आल्याबरोबर मी निघाले, पण संगारेड्डीच्या पुढे बसमध्ये असतानाच ते गेले.

मामा सगळ्यांच्या देखत म्हणाले, "हैदराबादला फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, आणि आंधळ्या बापाला इथं टाकलं होतं हिनं." कुणीतरी मान हलवली. त्यांचं म्हणणं चुकीचं आहे असं मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. मलकपेठेत ते कदाचित आणखी दहा वर्षं जगले असते, खिडकी कुठल्या बाजूला आहे हे रोज नव्यानं विचारत.

सुगुणा मॅडमना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी काही धडा दिला नाही. एवढंच विचारलं, "गिरे तो, अपने ही घर में ना?" मी "हौ" म्हणाले. त्यांनी मान डोलावली आणि माझं नवं पुस्तक लाल शाईनं तपासायला घेतलं.

तुम्ही जे माझ्यासारखे निघून आलात, तुम्हाला कुणी गाव विचारलं की काय सांगता ते मला माहीत नाही. मलकपेठेतलं घर माझ्या नावावर आहे, तिथल्या जिन्यात मला सगळे ओळखतात, आणि मरेन तीही बहुधा तिथंच. पण देगलूरला नातेवाईक ज्या दारापुढून जाताना मुलांना दाखवतात, की इथं हिनं बापाला एकटं टाकलं होतं, त्याच दाराला मी घर म्हणते. तिथं आता कुणी राहत नाही.